वीतभर आमच्या बाजूला

माझ्या मामाला सगळी वस्ती ‘ओळंबा’ म्हणायची. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. भिंत किंवा खांब सरळ उभा आहे की नाही ते पाहायला वापरतात. हे नाव त्याला काही कौतुकानं मिळालं नव्हतं. कुणाच्या घरी गेला आणि भिंतीवरचा फोटो तिरका दिसला, की पाणी प्यायच्या आधी तो फोटो सरळ करायचा. दुकानाची पाटी कललेली असली तर दुकानदाराला तसं सांगून मगच सामान मागायचा. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मामा मान वाकडी करून मागच्या पडद्याच्या दांडीकडे बघतोय. एवढी सरळ नजर असलेला माणूस सख्ख्या बहिणीच्या बाबतीत असा वाकडा कसा गेला, ते मी सांगणार आहे. गोड बोलून सांगणार नाही, तेवढी माझी तयारी नाही.

मामाचा धंदा लाकडी कुंपणं घालायचा. फळ्या कुणीही ठोकतो, खरं काम खांबाचं, असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. खांब कुजतो कुठं? टोकाला नाही, बुडाला नाही. जिथं माती संपते आणि हवा सुरू होते, तिथल्या चार बोटांच्या पट्ट्यात कुजतो. मामा चालता चालता लोकांच्या खांबांना त्या जागी पेचकस टोचून बघायचा. पेचकस आत गेला की मालकाला हाक. नवा खांब घेतला की तो त्याचा बुंधा विस्तवावर काळा होईपर्यंत भाजायचा, मग डांबर लावायचा. कमरेइतका खड्डा, तळाला दोन ओंजळी खडी, म्हणजे पाणी साचत नाही. मग थोडी माती टाकायची आणि पहारीच्या बोथट टोकानं ठासायची, पुन्हा थोडी टाकायची, पुन्हा ठासायची. आधी दोन्ही टोकांचे खांब, मग त्यांच्यामध्ये दोरी ताणायची, मग मधले. खांबाचं डोकं तिरकं कापायचं, पावसाचं पाणी घसरून जायला. सिमेंट ओतणाऱ्यांचा त्याला भारी राग. ‘खांबाला पाण्याच्या पेल्यात उभं करतात गाढव,’ म्हणायचा.

आणि त्याचा एक नियम होता. जुन्या खड्ड्यात नवा खांब उभा करायचा नाही. कुजका बुंधा उपटायला गेलं की आजूबाजूची माती सैल होते, त्या मातीत नवा खांब कितीही ठासला तरी वर्षभरात डुलायला लागतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो जुना खांब जमिनीलगत करवतीनं कापायचा, बुंधा आतच ठेवायचा आणि शेजारी ताजा खड्डा खणायचा. दुसरे मिस्त्री अशा वेळी रेषेतच पुढंमागं सरकतात. मामाचं तसं नव्हतं. त्याच्या आडव्या पट्ट्या ठरलेल्या मापाच्या, दोन खांबांतलं अंतर ठरलेलं, त्यात बोटभर फरक त्याला खपायचा नाही. तेव्हा तो सगळी रांगच्या रांग एक वीत बाजूला घ्यायचा. भूमिती त्याची, जमीन लोकांची.

लोकांकडे मात्र तो हे नीट विचारून करायचा. मागच्या खेपेला यांच्या बाजूला वीतभर घेतलं, या खेपेला त्यांच्या. दहा वर्षांनी फिट्टंफाट. कुणाची तक्रार नाही. त्याच्या कुंपणावरून दोन शेजारी भांडलेत असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. शिक्षण सहावीपर्यंत, घर पत्र्याचं, मामी लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मिरवायला त्याच्याजवळ तेवढंच होतं.

आमच्या शेजारी हेडमास्तर राहतात. गोगलगाय, पोटात पाय. आवाज इतका मऊ की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. मामा त्यांच्याच शाळेत होता. गणित चुकलं म्हणून त्यांनी त्याला एकदा अख्खा आठवडा वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि त्यानंतर तो शाळेत गेला नाही, असं आई सांगायची. आमच्या घराचं आणि त्यांच्या घराचं कुंपण घालायला मामा पहिल्यांदा आला तेव्हा हेडमास्तरांनी त्याच्यासाठी अंगणात खुर्ची ठेवली. कपबशीतून चहा दिला. ‘तुम्ही मिस्त्री नाही हो, कलावंत आहात,’ म्हणाले. झालं! मामा जो हरभऱ्याच्या झाडावर चढला तो कधी खाली उतरलाच नाही.

आमच्याकडे त्याला खुर्ची कुठली मिळायला? आई म्हणायची, ‘आलास? तो डबा वरून काढून दे आधी.’ सख्खी थोरली बहीण होती, कौतुक करत बसायला तिला वेळ नव्हता. माझे वडील मी नऊ वर्षांची असताना वारले. त्यानंतर आईनं कपड्यांच्या कारखान्यात काजं पाडायच्या मशीनवर सव्वीस वर्षं काढली. पायानं दाबायचं मशीन, उभं राहून.

पहिले खांब कुजले तेव्हा मी बारा वर्षांची होते. मामा दोरी घेऊन उभा होता आणि आई ओले कपडे खांद्यावर टाकून वाळत घालायला निघाली होती.

‘ताई, त्या बाजूला सरांची फुलझाडं आहेत,’ मामा म्हणाला. ‘तुडवली जातील. तुझ्याकडे मोकळंच आहे. वीतभर इकडे घेऊ?’

‘घे की,’ आई म्हणाली. ‘वीतभरानं काय होतंय.’

दुसऱ्या खेपेला आई कारखान्यात होती. मामानं विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला ती घरीच होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला दिसत होती, तरी विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं! त्या बाजूला फुलझाडं होती, या बाजूला बहीण होती. फुलझाडं तुडवली तर सर नाराज झाले असते. आईची कपडे वाळवायची दोरी प्रत्येक खेपेला भिंतीच्या जवळ आली, शेवटी चादरी भिंतीला घासायला लागल्या, तेव्हा आई म्हणाली, ‘चादरीच मोठ्या घेतल्या बहुतेक मी.’ मी तेव्हा हसले होते. त्याची मला आज लाज वाटते.

आईचे गुडघे गेले. आमचं घर जोत्यावर आहे. पुढच्या दाराला एकच पायरी, पण न्हाणीघर, संडास मागच्या बाजूला सात पायऱ्या उतरून. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पायऱ्या बंद. मी सुट्टी काढून आले आणि ठरवलं, आईच्या खोलीला लागून कुंपणाच्या बाजूला एक न्हाणीघर बांधायचं. आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. याबद्दल मात्र ती रोज बोलायची. फरशी घसरणारी नको, नळ उजव्या हाताला हवा, खिडकी वर हवी. एकदा मी पाहिलं, ती आपल्या खोलीच्या भिंतीवर हात ठेवून उभी होती, जिथं दार पडणार होतं तिथं.

बांधकामाच्या परवानगीसाठी घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत नऊ फूट जागा लागत होती. कागदावर नऊच होती. गवंड्यानं टेप लावला, पुन्हा लावला, मग हसायला लागला.

‘बाई, कागदावर नऊ आहे, जमिनीवर पावणेसात. सव्वादोन फूट कुणी खाल्लं?’

मी कुंपणाच्या फटीला डोळा लावला. हेडमास्तरांच्या बाजूला फुलझाडांची पूर्वी एक ओळ होती, आता तीन होत्या. आणि ओळींच्या मधून जमिनीलगत कापलेली लाकडाची तोंडं दिसत होती, काळी, ओळीनं. मामाचा हात मी ओळखते. तोंडंसुद्धा सरळ रेषेत होती.

मी तशीच मामाच्या पत्र्याच्या घरी गेले. तो अंगणात खांबाची साल तासत बसला होता. आधी ऐकूनच घेईना. ‘भाचीबाई, माझा खांब चुकत नाही,’ म्हणाला. ‘तुमच्या गवंड्याचा टेप ताणला असेल.’ मी म्हटलं, ‘मामा, तीनदा खांब बदललेस. तिन्ही वेळा कुठल्या बाजूला घेतलेस?’

समोरच्या फळीवर त्यानं आपली वीत ठेवली. एक. मग पुढं दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या वितीच्या टोकाशी त्याचा अंगठा तसाच राहिला.

‘तिन्ही वेळा ताईकडेच?’ तो मलाच विचारत होता. ‘लोकांकडे मी कधी असं केलं नाही गं. एकाकडेही नाही.’

‘लोकांकडे नाही केलंस, ते माहीत आहे.’

‘ताई काय म्हणाली?’

‘म्हणाली, आपलेच दात, आपलेच ओठ.’

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं. म्हणाला, ‘मी लिहून देतो. काम माझं, चूक माझी. माझ्या हातानं लिहून देतो.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याच्या हातचा चहासुद्धा प्यायले.

लिहून द्यायचं महत्त्व असं की, मोजणीच्या कचेरीत मला स्पष्ट सांगितलं होतं: कुंपण काम करताना चुकून सरकलं असं घालणाऱ्यानं लिहून दिलं, तर नकाशाप्रमाणे ते मागे घेता येईल. पण मालकाच्या संमतीनं सरकवलं असेल, तर आता आहे तीच हद्द. म्हणजे मामाच्या दोन ओळींवर आईचं न्हाणीघर अडलं होतं. दुसऱ्या कशावरही नाही.

मोजणीचा दिवस आला. मोजणीसाहेब तरुण होता, उन्हानं वैतागलेला. त्यानं रस्त्याच्या कोपऱ्यापासून माप घेतलं, नकाशा जमिनीवर पसरला आणि मान हलवली. कुंपण आत आलंय, यात वादच नव्हता. बघ्यांची काही कमी नव्हती. समोरचा दुकानदार आला, कोपऱ्यावरचे दोघे भाऊ आले. सगळ्यांच्या घरांना मामाचीच कुंपणं. मामा धुतलेला सदरा घालून आला होता. आईसाठी मी खुर्ची बाहेर आणली, पण ती बसली नाही. भिंतीला धरून उभी राहिली.

‘कुंपण कुणी घातलं?’ साहेबानं विचारलं.

‘मी,’ मामा म्हणाला.

‘सरकलं कसं?’

मामानं घसा साफ केला. ‘म्हणजे त्याचं असं आहे साहेब, खांब बदलताना...’

‘साहेब, हे आमचे ओळंबा,’ हेडमास्तर मध्येच म्हणाले. मऊ आवाज, चेहऱ्यावर हसू. ‘चाळीस वर्षं या वस्तीची कुंपणं यांनीच घातली. यांचा एक खांब चुकला म्हणायचं, तर मग आम्हाला सगळ्यांचीच मोजावी लागतील. काय हो, बरोबर ना?’

दुकानदारानं वळून आपल्या घराकडे पाहिलं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढंच झालं. पण मामानं ते पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडं होतं ते मिटलं. मी मनात म्हटलं, बोल. अरे बोल. तुझी खुर्ची गेली खड्ड्यात. आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं तुला या माणसानं, आणि तू अजून तिथंच उभा आहेस. तो जमिनीकडे बघत राहिला. सदऱ्याच्या खिशात त्यानं लिहून आणलेला कागद होता, त्याची घडी मला वरून दिसत होती. साहेबानं घड्याळ पाहिलं.

‘मीच सांगितलं होतं,’ आई म्हणाली.

सगळे वळले. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

‘मी म्हटलं होतं त्याला, वीतभर इकडे घे. माझ्याकडे मोकळी जागा होती.’ ती मामाकडे बघत होती, साहेबाकडे नाही. अगदी सावकाश बोलत होती, दोन शब्दांत थांबत. ‘तिन्ही वेळा... मीच... सांगितलं.’

पहिल्या वेळेपुरतं ते खरं होतं. बाकीचं तिनं आत्ता, उभ्या उभ्या, भावाच्या पदरात घातलं.

साहेबानं मामाकडे पाहिलं. ‘असंच झालं का?’

‘हो,’ माझा मामा म्हणाला. ‘ताईनंच सांगितलं होतं.’

गप्प राहिला असता तरी मी त्याला कधीतरी माफ केलं असतं. पण तो ‘हो’ म्हणाला. खणखणीत म्हणाला. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा.

मग काय, पंचनामा, सह्या, सगळं दहा मिनिटांत उरकलं. साहेबानं आहे त्याच रेषेवर दोन्ही टोकांना खुणेचे दगड बसवले. आता इकडे बोटभर नाही, तिकडे बोटभर नाही. ‘सुटलं एकदाचं,’ हेडमास्तर म्हणाले, ‘या हो, चहा घेऊन जा.’ आणि मामा गेला. भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच. फाटकातून जाताना त्यानं सवयीनं फाटकाचा खांब हलवून पाहिला. खांब हलला.

खांब कुजलेच होते. तेव्हा दोन आठवड्यांनी मामा पुन्हा आला, पहार, फावडं, खडीची पोती घेऊन. मी रजा वाढवून घेतली होती. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं, बहुतेक भांडायला. खुणेचे दगड बसवलेले, त्यामुळे कुंपण सरकवायची सोयच उरली नव्हती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून बघत होते, आता हा काय करतो.

त्यानं एकेका बुंध्याभोवती रुंद खणलं. पहार खाली घालून, तिच्यावर अंगाचा भार टाकून बुंधा उपटला. सैल माती सगळी बाहेर काढली, टाकून दिली. खड्ड्यात दगड बसवले, खडी घातली, बाहेरून आणलेली घट्ट माती थराथरानं ठासली. आणि नेमक्या त्याच जागी, जुन्या खड्ड्यात, नवा खांब उभा केला. पासष्टीचा माणूस, दर खांबाला घामानं निथळत होता. चार दिवसांत बावीस खांब. हेडमास्तरांचं एकही फुलझाड तुडवलं गेलं नाही, आणि आमच्याकडची एक वीतही गेली नाही. जे होतच नाही असं तो जन्मभर सांगत आला, ते होत होतं. फक्त कष्ट जास्त होते. ते कष्ट वाचवायला माझी आई होती.

आईही बघत होती माझ्या शेजारी उभी राहून. चारही दिवस मामा आमच्या पायरीवर आला नाही, आणि तिनंही हाक मारली नाही. पाण्याचा तांब्या मात्र रोज सकाळी कुंपणाजवळच्या दगडावर ठेवून यायची. संध्याकाळी रिकामा असायचा.

चौथ्या दिवशी काम संपलं तेव्हा तो दाराशी आला. ‘ताई, बघतेस का?’

आई बाहेर गेली. मधल्या एका खांबावर तळहात ठेवून तिनं ढकललं. खांब जागचा हलला नाही.

‘चांगलं झालंय,’ ती म्हणाली.

मामा उभाच राहिला. त्याला आणखी काही हवं होतं. शिवी हवी होती बहुतेक, थोबाडीत हवी होती. लहानपणी ती त्याला मारायची म्हणे, आणि मग दोघं एकाच ताटात जेवायची. आईनं हात पदराला पुसला आणि आत आली. तो हत्यारं गोळा करत राहिला, एकेक हत्यार पुन्हा पुन्हा पुसत. मग गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. वस्तीत अजूनही कुंपणं घालतो, लोक अजूनही त्याला ओळंबा म्हणतात, त्याचं नाव अगदी शाबूत आहे.

त्या संध्याकाळी मी आईला न्हाणीघराकडे घेऊन उतरत होते. एका हातानं भिंत, दुसऱ्या हातानं माझा खांदा. तिसऱ्या पायरीवर ती दम घ्यायला थांबली, आणि इतके दिवस गिळलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी म्हटलं, ‘का बोललीस तू? तो गप्प होता ना? राहू द्यायचा होतास गप्प. कधीतरी तोंड उघडलंच असतं त्यानं. तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? एवढं नाव प्यारं होतं त्याचं, की या पायऱ्या पत्करल्यास?’

आई पुढच्या पायरीकडे बघत होती.

‘नावासाठी नाही गं,’ ती म्हणाली. ‘तो अडकला होता. मला वाटलं, मी असं खोटं बोलायला लागले की तो मला मध्येच थांबवेल. म्हणेल, ताई, गप्प बस. म्हणून तर मी एवढी सावकाश बोलत होते.’

तिनं एक पाय खालच्या पायरीवर टेकवला.

‘ही पायरी ओली आहे,’ ती म्हणाली. ‘नीट धर मला.’